गोळी चालू असल्यास सांगा

मित्रांनो, मी एक सुई आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा 'मी एक जुनी' असे म्हणून सुरुवात करतात. मला तसे म्हणता येत नाही, कारण आमच्यात जुने होण्याची पद्धतच नाही. कारखान्यात आम्ही तयार होतो, निर्जंतुक होऊन पाकिटात बंद होतो, एका माणसाच्या अंगात एकदाच शिरतो आणि आमचे काम संपते. दुसऱ्यांदा वापरलेल्या सुईजवळ शहाण्या माणसाने उभेसुद्धा राहू नये.

माझी जाडी म्हणाल तर तीन-चार केस एकत्र धरावेत एवढी. माझ्या पोटात भोक नाही, त्यामुळे माझ्यातून औषध जात नाही. म्हणून मला कोरडी सुई म्हणतात. माझ्या कारखान्यातल्या काही बहिणी ॲक्युपंक्चर करणाऱ्यांकडे गेल्या. तिथे शरीरावरच्या ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचतात. मी आले प्रियदर्शनी मॅडमकडे. त्या फिजिओथेरपिस्ट. आखडलेल्या स्नायूतली गाठ बोटांनी चाचपून शोधायची आणि तिथेच टोचायचे, ही त्यांची रीत.

मॅडमचा दवाखाना शहागडला, महामार्गाच्या कडेला, टायरच्या दुकानाला लागून आहे. पहिले चार महिने मी तिथल्या टेबलावर उघड्या डब्यात पडून होते. पडल्या पडल्या मी पुष्कळ पाहिले. तीर्थपुरीच्या चतुराबाई सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता आल्या होत्या. रक्त तपासायला उपाशी बोलावतात, तेव्हा सुईलाही उपाशीच जायचे असणार, असा त्यांचा समज. मॅडमनी आधी त्यांना केळे आणि बिस्किटे खाऊ घातली, कारण रिकाम्या पोटी टोचले की घेरी येऊ शकते. एक ट्रकवाले दादा तर मला नुसते पाहूनच पांढरे पडले. एवढा मोठा गडी, आणि माझ्यासारखीला भ्यायला! मला उगीच बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

सप्टेंबरच्या सुरुवातीला तातेराव पेंटर नुसती चौकशी करायला आले. शहागडहून जाणाऱ्या कितीतरी ट्रकच्या पाठीवरची अक्षरे त्यांच्या हातची. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली होती, ती उजव्या मनगटातून नळी घालून. तेव्हापासून त्या हाताला काही होईल या भीतीने त्यांनी तो हलवलाच नाही, आणि खांदा असा आखडला की हात छातीच्या वर जाईना. हे जाळीचे सगळे आम्हांला नंतर कळले. त्या दिवशी त्यांनी फक्त खांद्याचे सांगितले.

आणि लेकीचे सांगितले. लेक अक्षता वकील झाली होती, घराण्यातली पहिली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अंबडला तिचे ऑफिस उघडणार होते. दारावरच्या भिंतीवर तिचे नाव आपण आपल्या हाताने रंगवायचे, असे तातेरावांनी ती शाळेत असल्यापासून ठरवले होते. अक्षताने फ्लेक्सचे नाव काढले, तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

मॅडमनी आठ दिवसांनंतरची वेळ दिली. जाताना तातेराव भिंतीवरच्या सूचनेपाशी थांबले. पेंटर माणूस, कुठलाही बोर्ड दिसला की वाचल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. तिथे लिहिले होते, 'रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास सांगा.' ते बराच वेळ उभे होते. मला वाटले, अक्षरांचे वळण बघत असतील.

आठ दिवसांनी ते आले, सोबत पत्नी बेबीनंदाबाई. बाई अंगाने किरकोळ, पण प्रश्न विचारायला मुळीच लाजायच्या नाहीत. सुई नवी हाय का, आमच्यासमोर पाकीट फोडणार का, तुम्ही हे शिकल्या कुठं, असे त्यांनी एकामागून एक विचारले. मॅडमना राग आला नाही. त्यांनी भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवले, डबा पुढे केला आणि पाकिटावरची तारीख वाचायला लावली. डब्यात वरच मी होते. बेबीनंदाबाईंनी मला डोळ्यांजवळ धरून पाहिले. एवढ्या मायेने मला त्याआधी कुणी पाहिले नव्हते.

"औषध कोन्तं हाय हिच्यात?" तातेरावांनी विचारले.

काहीच नाही, असे मॅडम म्हणाल्या.

"मंग रिकामीच?" ते जरा नाराजीने म्हणाले. मलाही वाईट वाटले.

मग मॅडमनी कागद घेतला. जेवण झाले का, साखर आहे का, कधी चक्कर येते का. शेवटी विचारले, "काका, सध्या कुठली गोळी चालू आहे?"

"चालू न्हाई," तातेराव लगेच म्हणाले.

मॅडम कागदावर खूण करणार, तेवढ्यात बेबीनंदाबाई वळल्या. "चालू न्हाई म्हंजे? अवो, जाळीची गोळी?"

मघाशी एवढे बोलणारे तातेराव पायातल्या चपलांकडे बघत बसले.

"आठ दिस झाले, घेऊन न्हाई राह्यलो," शेवटी ते म्हणाले. "बोर्डावर हाय ना, गोळी चालू असल्यास सांगा म्हून. चालूच ठेवली न्हाई तं सांगायचं काय? तुम्ही सुई देत न्हाई म्हणल्या असत्या तं? लेकीचं नाव मला माझ्या हातानं लिव्हायचं हाय, मॅडम."

रोज सकाळी ते बायकोसमोर पाणी प्यायचे आणि गोळी ब्रशच्या डब्यात टाकायचे, हेही मग त्यांनीच सांगितले. बेबीनंदाबाईंनी पदराने तोंड पुसले. रडत होत्या की घाम पुसत होत्या, मला कळले नाही.

मॅडमचा आवाज मात्र एकदम हळू झाला. "काका, बोर्डावर सांगा लिहिलंय. बंद करा कुठं लिहिलंय?" मग त्यांनी समजावले. ती गोळी जाळीत रक्ताची गुठळी होऊ देत नाही. आठ दिवसांत काही झाले नाही हे नशीब. सुईने फार तर थोडे काळेनिळे झाले असते, गोळी बंद केल्याने जीव गेला असता. त्यांनी मला डब्यात परत ठेवले, जालन्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि दोघांना त्याच पावली गाडीत बसवून दिले. दाराशी तातेराव काहीतरी पुटपुटले. बेबीनंदाबाई म्हणाल्या, "नाव कुणीबी लिव्हील. बाप कुठून आणायचा तिला?"

दहा-बारा दिवसांनी ते पुन्हा आले. गोळी सुरू झाली होती. डॉक्टरांची चिठ्ठीही होती. गोळी अजिबात बंद करायची नाही, सुई खोल घालायची नाही, काढल्यावर जागा दाबून धरायची. बेबीनंदाबाईंनी डब्यातून स्वतः पाकीट निवडले, आणि ते माझे निघाले.

मॅडमनी हात धुतले, कातडी पुसली आणि मला खांद्यातल्या गाठीत सोडले. मित्रांनो, ती गाठ सुकलेल्या रंगासारखी घट्ट होती. मी पोचले तशी ती एकदा थरारली आणि मग हळूहळू सैल पडली. तातेराव 'आई गं' म्हणाले आणि पाठोपाठ हसले. माझे सगळे आयुष्य ते एवढेच. मला त्याचे जराही वाईट वाटत नाही.

मॅडमनी बजावून सांगितले, दोन दिवस खांदा ठणकेल, घाबरू नका. पण दम लागला किंवा छातीत दुखले तर फोन करत न बसता तडक मोठा दवाखाना गाठा. आणि सुईने काम अर्धेच होते, उरलेले रोजच्या व्यायामाने. मग त्यांनी मला न फुटणाऱ्या दुधी प्लास्टिकच्या डब्यात टाकले. वापरलेल्या सुया त्यात जमतात.

तिथून दिसत नाही, पण ऐकू येते. तातेराव आठवड्याला येत. भिंतीवर बोटे चढवायचा व्यायाम करताना ते मोठ्याने मोजत. मध्येच एकदा रंगाचा वास आला. खांद्याच्या उंचीवर त्यांनी मॅडमची सूचना नव्याने लिहिली होती आणि खाली एक ओळ आपल्या मनाने वाढवली होती, 'स्वतःच्या मनानं बंद करू नका.' मॅडमनी ती मोठ्याने वाचली, म्हणून मला कळले.

काल ते दोघे पेढे घेऊन आले. हात आता कानापर्यंत जातो, डोक्याच्या वर अजून नाही. मग दारावर नाव लिहिले कुणी, असे मॅडमनी जरा भीतभीतच विचारले.

"दारावर न्हाई लिव्हलं," तातेराव म्हणाले. "दाराच्या बाजूला लिव्हलं, हात पुरला तिथं. लेक म्हणली, पप्पा, हितंच बराबर हाय."

पुढचे बेबीनंदाबाईंनी सांगितले. ऑफिस उघडून तास झाला नसेल, एक बाई आली. कुठली कोण जाणे, मान खाली घातलेली. "तिनं वर बघितलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "खाली मान घालूनच नाव वाचलं अन् आत गेली."

तातेरावांनी नाक शिंकरल्याचे मला ऐकू आले.

मित्रांनो, उद्या हा डबा न्यायला गाडी येणार आहे. मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. आम्ही फेकण्यासाठीच असतो, नीट फेका म्हणजे झाले. पण तुमच्या घरातले कुणी सुया टोचून घ्यायला निघाले, तर त्यांना एकटे पाठवू नका. पोटभर खाऊ घालून सोबत जा आणि शेजारच्या खुर्चीवर बसा. ते गप्प राहिले, तर तुम्ही बोला.