पहिली आरोळी

कुसगावच्या पुढच्या वाडीत रतनबाईंच्या चार कोंबड्या एका दिवसात मेल्या, तेव्हा त्यांनी स्वतःहून मला फोन केला. गुरांच्या दवाखान्यातल्या माझ्या नोकरीत एवढं सरळ माणूस क्वचितच भेटलं असेल. त्याचं फळ काय, तर बर्ड फ्लू निघाल्यावर आमचा पहिला हात त्यांच्याच खुराड्यावर पडला.

संरक्षक किट घालून दवाखान्यातले आम्ही तिघं आत घुसलो. पकडायची, मान मुरगळायची, खाली टाकायची. नखं हातमोजे फाडत होती, मेलेल्याही पाय झाडत होत्या. एकोणीस झाल्या. मला माझीच शिसारी आली.

"ह्या तर धडधाकट व्हत्या, सारिका मॅडम," रतनबाई म्हणाल्या. "का मारल्या?"

"मावशी, आपलं शरीरही हेच करतं. पेशीत विषाणू शिरला की ती आधी आरोळी ठोकते. शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. मग मारेकरी पेशी येतात. त्यांना विषाणूचं नावगाव ठाऊक नसतं. त्या प्रत्येकीची ओळख तपासतात. जी ओळख दाखवत नाही, तिच्यात विषाणू दडलाय असं धरून तिला भोकं पाडून मारतात. घरचीच असली तरी."

"आन् आरोळी ठोकनारी?"

"ती बहुतेक मरतेच." खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं.

एक किलोमीटरच्या आतली प्रत्येक कोंबडी मारायची होती, आणि वाडीत सकाळपासून सगळे 'आमच्याकडं न्हाईत' म्हणून हात वर करत होते. रतनबाईंनी पदर खोचला. "चला. कोनी कुटं दडवल्यात, मला ठावं हाय."

पहिलं घर त्यांच्या धाकट्या जावेचं, हिराचं. "हितं एकबी न्हाई," म्हणत हिरा दारात आडवी झाली. रतनबाईंनी तिला ढकललं, चुलीमागची पाटी उलटी केली आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी उघड्या हातांनी ओढली. अंडी फुटली. हिरानं त्यांचे केस धरले, तोंड ओरबाडलं. मी हातमोजे घाला म्हणून ओरडत होते, ऐकतंय कोण!

"तुजं गेलं म्हून आमचं मारतीस व्हय?" हिरा किंचाळली.

मला वाटलं, आता रतनबाई रोगाचं सांगतील, वाडीतल्या पोराबाळांचं सांगतील. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या आणि कोंबडीची मान मोडली.

 मी गोणी उघडी धरली.