तीन मजली किल्ल्याचा शिक्का फिरायला जातो

मी एक जुना लाकडी शिक्का आहे. किती जुना, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. समोर मुलं असली तर मी चारशे वर्षांचा असतो. मोठी माणसं जवळ उभी असली तर एकतीस.

माझं ठाणं कुरेहारा शहरात, किल्ल्याच्या बागेत. किल्ल्याची बाग म्हणतात खरं, पण तिथे किल्ला नाही. एक उंचवटा आहे, एक खंदक आहे आणि खंदकात कासवं आहेत. माझ्या तोंडावर मात्र तीन मजली किल्ला कोरलेला आहे. कौलारू छपरं, बारीक बारीक खिडक्या आणि अगदी वर शेपट्या उंचावलेले दोन मासे. असा किल्ला इथे कधीच नव्हता. जाणकार सांगतात की इथे लाकडी कुंपण होतं आणि आत दोन झोपड्या होत्या. त्यातल्या एकीत घोडा राहायचा. पण घोड्याच्या झोपडीचा शिक्का घ्यायला चालत कोण येणार? म्हणून बागेचे राखणदार नेझुसान ('सान' म्हणजे आमच्याकडचं 'राव' नि 'बाई') यांनी मला कोरताना हात जरा सैल सोडला. वादळात पडलेल्या चेरीच्या फांदीचं लाकूड होतं, हिवाळ्याचे दिवस होते आणि त्यांना दुसरं काही काम नव्हतं. पहिला मजला झाला, लाकूड उरलं, दुसरा झाला, तरी उरलं. अशा रीतीने मी जन्मालाच थाप घेऊन आलो. पुढे माझ्याकडून खरं बोलण्याची अपेक्षा तुम्ही ठेवू नये.

मित्रांनो, माझं काम वर्षातून एकच दिवस. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमच्या शहरात वसंतफेरी असते. सात ठिकाणं, सात शिक्के आणि सात रिकाम्या चौकोनांचं एक कार्ड. जुन्या हमरस्त्यावरचा मैल दाखवणारा मातीचा उंचवटा, मग माझी बाग, मग गवत माजलेलं प्राचीन सरदाराचं थडगं, मग गवती छपराचं शेतकऱ्याचं घर, मग नदीकाठचा बगिचा, मग देऊळ आणि शेवटी स्टेशनसमोरचा मंडप. तीनच्या आत मंडपात पोचायचं आणि शेवटचा शिक्का घ्यायचा. उरलेलं वर्ष मी बिस्किटांच्या डब्यात झोपून काढतो.

लोकांनी माझं कौतुक फार केलं. "केवढा हा किल्ला," म्हणत मुलं मान वर करून उंचवट्याकडे बघायची आणि तिथे काहीच नाही म्हटल्यावर पुन्हा माझ्याकडे बघायची. हाल काही कमी झाले नाहीत. एका गुटगुटीत मुलाने टाचेखाली घेऊन दाबल्यामुळे डावीकडच्या माशाची शेपटी उडाली. पण खरं दुःख वेगळंच होतं. शिक्क्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. एकतीस वसंत आले, माझ्या डोक्यावर चेरी फुलली, लोक "आहाहा" म्हणाले, आणि मी पाहिलं काय? कागद. पुन्हा कागद.

गेल्या वसंतात माझी साखळी गंजून तुटली. नेझुसाननी मला सुतळीने टेबलाला बांधलं. ते उत्तम कोरतात, पण त्यांच्या गाठीवर भोपळासुद्धा टिकत नाही.

सकाळी नऊला पहिल्या आल्या त्या इकुनोसान. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर रुंद टोपी, पाठीला पिशवी, हातात जांभळ्या रुमालात बांधलेला डबा. एकोणीस वर्षं त्यांनी एकही फेरी चुकवली नव्हती. ही विसावी. सलग वीस पुऱ्या करणाऱ्याचं नाव मंडपात भोंग्यावर पुकारतात आणि सात शिक्के छापलेला सुती पंचा देतात. आजवर तो कुणालाच मिळालेला नव्हता.

त्यांच्या सोबत शेजारीण मोगामीसान. त्यांनीही त्याच वर्षी सुरुवात केली होती, पण एका वसंतात सर्दीने गाठलं आणि एक फेरी बुडाली. ती सर्दी इकुनोसानकडूनच लागली होती, असं त्या अजून सांगतात.

मोगामीसाननी माझा शिक्का चटकन मारून घेतला आणि कासवं बघायला पुढे गेल्या. नेझुसाननी मला पुन्हा शाईवर टेकवून इकुनोसानसाठी तयार ठेवलं. तेवढ्यात इकुनोसाननी रुमाल सोडला आणि चेरीच्या पानात गुंडाळलेल्या गुलाबी मिठाईची पुडी काढली.

"काही विशेष नाही, घरीच केलीय."

"छे छे, दर वर्षी कशाला हो त्रास."

"त्रास कसला. बिघडलीच आहे जरा."

"नाही नाही, मी कशी घेऊ?"

तिसऱ्यांदा नको म्हणून नेझुसाननी पुडी घेतली. आता आमच्याकडे घेतलेली भेट परतफेडीशिवाय राहिली, तर माणसाला रात्री झोप लागत नाही. ते आत जाऊन पहाटेच उकरलेले बांबूचे कोंब वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. मग इकुनोसाननी तीनदा नको म्हटलं. मग दोघं वाकले. मग इकुनोसान जास्त वाकल्या, म्हणून नेझुसान आणखी वाकले. या वाकावाकीत सुतळीची गाठ सुटली, मी गडगडलो आणि कोंबांशेजारी जाऊन पडलो. इकुनोसाननी वर न बघता रुमालाची चार टोकं गोळा केली, गाठ मारली आणि चालू पडल्या.

सांगायची गोष्ट म्हणजे, या सगळ्यात त्या शिक्का मारायचाच विसरल्या.

मित्रांनो, खोटं बोलत असेन तर मला वाळवी लागो, पण मी हाक मारली नाही. मारू शकलो नसतो, हा भाग वेगळा. रुमालाच्या गाठीखाली दोन बोटं फट होती आणि तिच्यातून मी बाहेर बघत होतो. ज्यांची नुसती नावं एकतीस वर्षं ऐकली होती, ती ठिकाणं समोरून चालली होती. सरदाराचं थडगं म्हणजे नुसता हिरवा डोंगर, वर डोलणारी पिवळी मोहरी. शेतकऱ्याच्या घराच्या छपरावर वाघाएवढं मांजर झोपलेलं. बरं, मांजराएवढं. आणि मग नदीचा बांध आला. दोन्ही काठांना चेरीची झाडं अशी फुललेली की आकाशाला जागाच उरली नव्हती.

एक वाजता नदीकाठच्या बगिच्यात निळी ताडपत्री अंथरून दोघी जेवायला बसल्या. आधी पाचवा शिक्का घ्यावा म्हणून इकुनोसाननी कार्ड काढलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"दुसरा चौकोन रिकामा आहे."

"चेष्टा करू नका. तिथे अर्धा तास करत होता काय मग?" मोगामीसान म्हणाल्या.

इकुनोसाननी रुमाल सोडला. कोंबांशेजारी मी, तोंड वर करून आरामात पडलेलो.

"अगंबाई," मोगामीसान म्हणाल्या. "वीस वर्षांत नेझुसाननी तुम्हाला दिलेली ही सगळ्यात मोठी भेट."

"तिकडे लोक काय करत असतील? सगळ्यांचे चौकोन रिकामे राहिले असतील हो, माझ्यामुळे."

"लोकांचं नंतर बघू. शिक्का तुमच्या हातात आहे, कार्ड तुमच्यासमोर आहे. शाई वाळली असली तर त्यावर 'हाऽ' करून फुंका आणि मारा. तीनला मंडप बंद होतो. कोण बघतंय?"

"तुम्ही बघताय ना."

"मी नदी बघते, झाड बघते. मला आता चष्म्याशिवाय दिसतं कुठे."

इकुनोसाननी मला उचललं. कार्डाच्या वर आणलं. माझ्यापासून तो चौकोन चार बोटांवर होता. मी खोटा किल्ला मिरवणारा, मला काय त्याचं? मी तर म्हणत होतो, मारा.

पण त्यांनी हात मागे घेतला. "शिक्का जागेवरच मारायचा. इथे किल्ला कुठाय?"

"तिथे तरी कुठाय?" मोगामीसान म्हणाल्या. पण तोवर इकुनोसान पाचवा शिक्का घेऊन बूट चढवत होत्या. "बरं, जा. तुमचा डबा मी संपवते. आणि आज नाही जमलं तर उद्यापासून आपण दोघी एकोणीस-एकोणीस, हे लक्षात ठेवा."

असा मी इकुनोसानच्या मुठीत बसून, तोंड आभाळाकडे करून, बांधावरून उलटा निघालो. वारा आला की पाकळ्यांचा पाऊस पडायचा. असं वाटत होतं की शहराने माझ्यासाठीच हा कार्यक्रम ठेवलाय.

बाई भराभर चालत होत्या, पण एक अडचण होती. समोरून फेरीची माणसं येत होती, आणि प्रत्येकाजवळ थांबून त्या वाकून माफी मागत होत्या. "शिक्का माझ्याकडे राहिला. तुमचा चौकोन रिकामा गेला. फार वाईट वाटतं हो." एकदोन नव्हे, चारशे माणसांची माफी मागितली. चाळीस धरा.

आणि प्रत्येक जण म्हणत होता, "रिकामा कुठाय? हे बघा." कार्डावर दुसऱ्या चौकोनात शाईने काढलेलं चित्र होतं. लाकडी कुंपण, खाली खंदक आणि खंदकात एक कासव. कुणाच्या कार्डावर पोहणारं, कुणाच्या झोपलेलं, एका मुलीच्या कार्डावर चक्क जांभई देणारं. खाली बारीक अक्षरात, "शिक्का सापडत नाही. क्षमस्व. राखणदार."

मित्रांनो, ते कासव मी नीट बघून घेतलं. मला वाटलं होतं, माझ्यावाचून लोक हळहळत असतील. आणि ते कार्ड छातीशी धरून हसत होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही बागेत पोचलो. नेझुसान एकशे तेरावं कासव काढून मनगट चोळत बसले होते. मला बघताच ते इतके वाकले की कपाळ टेबलाला लागलं.

"चूक माझी. गाठ माझी."

"नाही, रुमाल माझा."

"कोंब माझे होते."

आणखी दोन मिनिटं यात गेली. शेवटी इकुनोसाननीच म्हटलं, "नेझुसान, माझा चौकोन रिकामा आहे आणि मला पंचा हवाय." वीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'हवाय' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. नेझुसाननी घाईने मला शाईवर टेकवलं. वाटेत माझ्या ओठाला चिकटलेली एक पाकळी कुणालाच दिसली नाही. ठप्प. किल्ला उमटला आणि तिसऱ्या मजल्यावर पाकळीच्या आकाराची एक पांढरी जागा राहिली.

फेरीनंतर सगळे शिक्के मंडपात जमा करायचे असतात, म्हणून नेझुसाननी मला वरच्या खिशात ठेवलं आणि तेही निघाले. देवळातला सहावा शिक्का होईतो पावणेतीन झाले. पुढे चढ होता. तिघांपैकी धाप लागली नाही ती फक्त मला. स्टेशनचं घड्याळ दिसलं तेव्हा त्यात तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती.

इकुनोसान थांबल्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "चालणं झालं ना. छान झालं."

पण मंडप उघडा होता. मंडपाचे प्रमुख शिमोसाकासान, ज्यांच्यावरून लोक घड्याळ लावतात, ते शिक्का हातात धरून घामाघूम उभे होते. त्यांच्यासमोर अकरा माणसांची रांग होती आणि ती पंचवीस मिनिटं तसूभर हललेली नव्हती. रांगेत सगळ्यात पुढे होत्या मोगामीसान.

"आधी तुम्ही घ्या," त्या मागच्या गृहस्थांना म्हणत होत्या.

"छे, तुम्ही वयाने मोठ्या. आधी तुम्ही."

"तुमच्या कार्डावर झोपलेलं कासव आहे. आधी तुम्ही."

"मग या मागच्या बाईंना घेऊ द्या."

"अहो, मी कशी पुढे जाऊ?" मागच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

सौजन्याच्या मध्ये पडून 'चला लवकर' म्हणायचं, एवढा उद्धटपणा शिमोसाकासानना जन्मात जमला नसता. तेही अधूनमधून वाकत होते.

इकुनोसान जाऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. शिमोसाकासाननी घड्याळ बघितलं, मग पाटीवरचा नियम वाचला. 'तीन वाजता रांग असल्यास ती संपेपर्यंत मंडप चालू राहील.' नंतर कुणी रांगेत उभं राहायचं नाही, असं त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी नियम पुन्हा एकदा वाचला आणि सुटल्यासारखी मान हलवली. त्याबरोबर अकराही माणसांचं सौजन्य एकदम संपलं आणि रांग दीड मिनिटात मोकळी झाली.

इकुनोसानच्या कार्डावर मात्र त्यांचं बोट अडलं. "किल्ल्यात ही पांढरी जागा कसली?"

"खिडकी," नेझुसान म्हणाले. "वसंतात उघडी ठेवतात."

शिमोसाकासाननी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन ती खिडकी बघितली. मग सातवा शिक्का मारला आणि भोंगा हातात घेतला.

नाव पुकारलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मोगामीसाननी वाजवल्या. नंतर त्यांनी पंचा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "कापड पातळ आहे. पुढच्या वर्षी माझी एकूण वीस होतील, मधली सर्दी नियमात बसवून घेईन. आणि हो, डबा मी संपवलेला नाही. चला, बसू या कुठेतरी."

त्या दिवसापासून माझी पायरी जरा खाली आली. आता बागेत येणारे लोक नेझुसानना विचारतात, "कासव मिळेल का?" गेल्या महिन्यात त्यांनी एका संध्याकाळी मला मांडीवर घेतलं, बारीक पटाशी काढली आणि किल्ल्याच्या पायथ्याशी, कोपऱ्यात, एक कासव कोरलं. दुखलं थोडं. पण आता माझ्या तोंडावर एक तरी गोष्ट खरी आहे.

तेव्हा मित्रांनो, गावोगावच्या माझ्या भाऊबंदांसाठी एवढं करा. शिक्का सरळ धरा, हळू दाबा, टाच वापरू नका. शाईच्या डबीला झाकण लावा. आणि काम झालं की आम्हाला पालथं नका टाकू, थोडा वेळ तोंड आभाळाकडे करून ठेवा. वसंत तेवढाच असतो.

सुतळीच्या गाठीही नीट मारा, असं मी सांगायला हवं. पण पुढचा एप्रिल आता जवळ आलाय, नेझुसान नवी साखळी आणायची विसरलेत, आणि मी काही आठवण करून देणार नाही.