ठिपक्यातला मेंढपाळ

मित्रांनो, टीव्हीखालच्या कप्प्यात, संपलेल्या सेलांशेजारी ओरखड्यांनी भरलेली जी सीडी पडली आहे ना, ती मी. माझ्याच शेजारी एक नवी डिस्क राहते. तिच्याकडं पाहिलं की माझा नुसता जळफळाट होतो. का होतो, ते ऐका.

एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या गरम रसातून माझा जन्म झाला. एका अंगावर चंदेरी मुलामा चढवला, दुसऱ्या अंगावर चित्र छापलं आणि माझ्यात एक विनोदी सिनेमा भरला, ‘तबकडीवाला जावई’. त्यात परग्रहावरचा एक प्राणी उडत्या तबकडीतून भीमेकाठच्या माळावर उतरतो. मेंढ्यांनाच तो पृथ्वीचे राज्यकर्ते समजतो आणि एका एडक्यापुढं हात जोडून उभा राहतो. मेंढ्या उधळतात. मग पटका बांधलेला, घोंगडं पांघरलेला एक मेंढपाळ धावत येतो आणि ‘हुर्र्ऽऽ’ अशी हाळी देऊन सगळा कळप माघारी वळवतो. मध्यंतरानंतरचा भाग माझ्या जुळ्या बहिणीत होता. ती कुठल्याशा लग्नघरी गेली, ती परत आलीच नाही.

यवतच्या बाजारातून मला रखमाजीआबांनी विकत घेतलं आणि सदऱ्याच्या आत छातीशी धरून वडगाव रासाईला आणलं. त्या सिनेमाचं शूटिंग त्यांच्याच गावच्या माळावर झालं होतं. मेंढ्याही त्यांच्याच. आणि पटकेवाला मेंढपाळ म्हणजे आपणच, असं आबा सगळ्यांना सांगत.

काय दिवस होते ते! पाहुणा आला की आधी पाणी, मग मी. बाया दारात उभ्या राहून बघत, पोरं टीव्हीला नाक लावून बसत. मेंढपाळ आला की आबा मिशीवरून हात फिरवत. त्यांची बायको बानूबाई तेवढ्यात चुलीकडं निघून जाई. तिला सिनेमाची आवड नसावी, असं मला वाटे.

शेजारचे पोपटराव मात्र दर वेळी खोड काढत. “रखमाजी, ह्यो तूच कशावरनं? मला तर नुसता ठिपका दिसतोय.”

“चाल बग की माझी! आन् हाळी ऐक.”

“हाळी? डब्यात उंदीर शिरल्यावानी वाटतंय.”

मला फार राग येई. पण मित्रांनो, पोपटराव खोटं बोलत नव्हते. माझ्यात जागाच कमी. एवढा मोठा सिनेमा दाबून दाबून भरलेला. कुणी पळायला लागलं की त्याचे चौकोनी ठोकळे व्हायचे. मेंढ्या पिंजलेल्या कापसासारख्या दिसायच्या, आणि माणसाचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा यायचा. तरीही आबांनी मला कधी नावं ठेवली नाहीत. हातरुमालानं पुसून तेच मला डबीत ठेवत.

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि मला कुणी विचारेना. माझ्या कित्येक मैत्रिणी पाखरं हाकायला ज्वारीच्या रानात दोऱ्यानं टांगल्या गेल्या. मी तेवढी घरात राहिले, त्याचाच मला गर्व होता.

त्या गर्वावर माती पडली ती आबांच्या नातीमुळं. धनश्री रांजणगावच्या कारखान्यात नोकरीला आहे. एका रविवारी ती चपट्या निळ्या डबीतली एक डिस्क, नवा प्लेअर आणि मोठे स्पीकर घेऊन आली.

“आबा, तुमचा सिनेमा नव्यानं साफसूफ करून काढलाय. आता तुमचं तोंड लख्ख दिसंल. पोपटतात्यांनाबी बोलावलंय. एकदाचा निकाल लागू दे.”

आबांचा चेहरा उतरला. “कशाला गं? जुनी हाय की चांगली.”

हे ऐकून मी आतल्या आत फुलले. पण कुणी ऐकलं नाही. ती निळी सवत प्लेअरमध्ये शिरली आणि मला कप्प्यातून सारं बघावं लागलं.

काय ते चित्र! मेंढीच्या लोकरीचा केस न् केस वेगळा. माळावरची कुसळं उन्हात चमकत होती. तबकडीचा घरघराट पाठीमागून असा आला, की पोपटराव दचकून मागं बघायला लागले. सगळे हसले. मला वाटलं, हिच्यावर आत्ता एखादा ओरखडा पडावा. एक तरी!

मग मेंढ्या उधळल्या. मेंढपाळ धावत आला आणि अगदी समोर येऊन त्यानं हाळी दिली. ती हाळी खणखणीत होती, आणि ती बाईची होती. पटक्याखालच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके स्वच्छ दिसत होते.

धनश्रीनं चित्र तिथंच थांबवलं. सगळ्यांच्या माना दारात उभ्या असलेल्या बानूबाईकडं वळल्या. तिनं पदर ओढून हनुवटी झाकली.

“आज्जी... ही तू हायस?”

आबाच बोलले, खाली बघत. “व्हय, तीच हाय. कॅमेरा माझ्याकडं वळला आन् माझं हातपाय गार पडलं. म्या बाभळीआड जाऊन बसलो. मेंढ्या पांगाया लागल्या, तवा हिनं माझा पटका बांधला, घोंगडं पांघरलं आन् कळप वळवला. लांबनं बघणाऱ्या लोकांनी मलाच शाबासकी दिली, आन् म्या ती घेतली.”

पोपटराव टर उडवतील असं मला वाटलं. पण ते उठले आणि बानूबाईला हात जोडून म्हणाले, “वैनी, लई झ्याक काम केलंसा तुमी.”

त्या दिवसापासून नव्या डिस्कचं राज्य सुरू झालं. गल्लीतल्या बाया बानूबाईची हाळी ऐकायला येऊ लागल्या. बानूबाई लाजायची, पण आता चुलीकडं जायची नाही. जे मला इतकी वर्षं जमलं नाही, ते त्या सवतीनं एका फेरीत केलं होतं. हे मला कबूल आहे, आणि म्हणूनच जास्त जळतं.

आबा मात्र सिनेमा लागला की गोठ्याकडं निघून जात. बानूबाई दोन-तीनदा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिली. मग एका दुपारी घरात तिघंच असताना ती म्हणाली, “धनश्री, ती जुनी लाव.”

“अगं आज्जी, तिच्यात काय दिसतंय?”

“न्हाई दिसत, म्हणूनच लाव.”

जुना प्लेअर कुरकुरला. मी फिरले. पुन्हा तेच ठोकळे, तोच कापूस. धुरकट ठिपका धावत आला आणि पत्र्यावर खडे पडले.

बानूबाईनं आबांना हाताला धरून समोर बसवलं आणि म्हणाली, “बगा, कसं झ्याक पळताय तुमी.”

आबा कितीतरी वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग हळूच त्यांचा हात मिशीकडं गेला.

मित्रांनो, नव्या डिस्कचा हेवा मला अजून वाटतो, उगीच खोटं कशाला बोलू? पण घरातली जुनी वस्तू धुरकट दिसते म्हणून लगेच रानात टांगू नका. तिला कडेनं धरा, मऊ कापडानं पुसा, आणि घरात कुणाला ती हवी आहे का, एवढं एकदा विचारा.