परातीतला सातबारा

"जलदर्शी महाराज की...!"

"जय!"

वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या त्या मंगल कार्यालयात लग्नालासुद्धा कधी इतकी माणसं मावली नव्हती. बायका खुर्च्यांवर, बाप्ये भिंतीला पाठ लावून, आणि उशिरा आलेले खिडक्यांच्या गजांना लोंबकळत. नवरानवरीच्या लाल मखमली कोचावर महाराज बसले होते. जटांचा मोठा भारा कानांवरून खांद्यांपर्यंत उतरलेला. पुढ्यात पितळेची परात, तिच्यात पाणी, पाण्यात झेंडूच्या पाकळ्या. महाराज पाण्यात बघायचे आणि समोरच्या माणसाची जमीन सांगायचे. भिवंडीच्या आसपास तेव्हा गोडाऊनं उठत होती आणि जमिनीखेरीज दुसरा विषय कुणाच्या तोंडी नव्हता, त्यामुळे देवानंही तोच विषय धरला होता.

कमळा तिसऱ्या रांगेत मांडीवर नारळ घेऊन बसली होती. बसली म्हणजे काय, पंधरा वेळा पदर सारखा करत होती. भाऊ दौलत हट्टानं घेऊन आला होता. त्याच्या लेकीचं, भाविकाचं, लग्न दोनदा ठरून मोडलं होतं, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की घरात नाही तर जमिनीत काहीतरी आहे.

भगव्या गमछ्याच्या एका सेवेकऱ्यानं पुकारा केला. दौलत हात जोडून पुढे झाला. पोरीच्या लग्नाचं गाऱ्हाणं त्यानं आत येतानाच सेवेकऱ्याला सांगून ठेवलं होतं.

"दौलत विठू तरे," महाराज मोठ्यानं म्हणाले. "मौजे कोन. दौलत विठू तरे. मौजे कोन. दौलत विठू तरे!" प्रत्येकाचं नाव-गाव ते असंच तीनतीनदा घ्यायचे, नावानं म्हणे पाणी जागं होतं.

पाणी जागं व्हायला जरा वेळ लागला. मग महाराजांचा आवाज खोल गेला. "सर्व्हे नंबर एकशे चार, हिस्सा दोन. क्षेत्र शून्य हेक्टर, बावन्न आर."

लोकांनी श्लोक ऐकावा तसे हात जोडले. शेजारची म्हातारी पुटपुटली, "काय वानी हाय बाय!" कमळेला मात्र खटकलं. तिच्या बापानं जन्मभर जमीन गुंठ्यानं मोजली. देव हेक्टरात कधीपासून बोलायला लागला?

"या जमिनीवर चार नावं दिसतात. सीताबाई. बायजाबाई. दोघी माऊल्यांना माझा आशीर्वाद सांग. गुडघे दुखतात त्यांचे."

दौलत चाचरला. "महाराज, चुलती नि आय... दोघी वारल्या. लय वर्सं झाली."

"मग मी कुठं म्हटलं या लोकीचे गुडघे?"

सभेतून "अरे देवा!" असा उसासा उठला. मेलेल्यांशीसुद्धा बोलतात!

"तिसरा तू. आणि ही चौथी..." महाराजांनी डोळे गच्च मिटले. "कमळा! कमळा विठू! ही बाई गेली, पण जीव गेला नाही. जमिनीवर भटकतेय. तुझ्या पोरीचं लग्न हीच मोडते!"

कमळेच्या मांडीवरून नारळ सुटला आणि गडगडत थेट स्टेजखाली गेला.

"महाराज," दौलत घाबरून म्हणाला, "ती माझी भैन. ती काय, तिथं बसलीय."

सगळं कार्यालय वळून कमळेकडे बघायला लागलं. पळभर महाराजांचं तोंड उघडंच राहिलं. पण पळभरच.

"बाळे, सासरी तुझं नाव काय?"

"चंद्रा," कमळा कशीबशी म्हणाली.

"बघा! लग्नात नाव बदललं. देह सासरी गेला, माहेरचं नाव बेवारस झालं. बेवारस नाव जाणार कुठं? जाऊन जमिनीला चिकटलं! ते नाव जमिनीवरून उतरव बाळे, हक्क सोडून दे. आणि दौलत, ही दोषाची जमीन घरात ठेवू नकोस. जो मागेल त्याला देऊन मोकळा हो."

जो मागणार होता तो पहिल्याच रांगेत होता. हितेश, जमिनींचा दलाल. त्यानं इतक्या भक्तिभावानं मान डोलावली की मान गळून पडते की काय असं वाटावं.

पुढचा भक्त आला. त्याचं नाव तीनदा झालं, चारदा झालं, पाणी काही जागं होईना. मग महाराज एकाएकी मौनात गेले. जनरेटरवर पंखे भिरभिरत राहिले, भजन सुरू झालं, आणि लोक म्हणाले, देवाची लहर.

*

भिवंडीत निजामपुऱ्यातल्या आपल्या खोलीवर परतली तरी कमळेचं चित्त थाऱ्यावर येईना. पिको-फॉलचं मशीन चालवायला बसावं तर साडीची किनार तिरकी जाई. गल्लीतले लूम खडखडत होते, ते आज तिच्या डोक्यातच खडखडत होते. लाईट गेली की सगळं गपगार. मग तर जास्तच कसंतरी होई.

कमळा काही भाबडी नव्हती. शाळा सातवीत सुटली, पण पुड्याच्या कागदापासून वाचनालयाच्या पुस्तकापर्यंत हाती पडेल ते वाचत आली होती. लिंबू-मिरची बघून तिला हसू यायचं. पण हे वेगळं होतं. कमळा विठू तरे हे नाव बोहल्यावरच मागे राहिलं होतं. रेशनकार्डावर चंद्रा, मतदार यादीत चंद्रा, नवरा मारतो ती हाकही चंद्रा. भाऊ तर नुसतं ताय म्हणतो. मग परातीत बघणाऱ्या त्या परक्या माणसाला कमळा दिसली कशी? आणि खरं सांगायचं तर, कधी कधी भांडी घासताना तिला वाटायचंच, ती परकर नेसून खाडीत चिंबोऱ्या धरणारी पोर गेली कुठं? महाराजांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

दौलतचे फोन थांबत नव्हते. "ताय, मंगलवारी येतेस ना? हितेश कागद घेऊन येतोय, महाराज सोता येतान. तुझी सही झाली का पोरीचं नशीब उघडंल बघ."

"येते रे बाबा."

"रागावलीस?"

"न्हाय रे. पोरीचं भलं होत असंल तर सही काय, आंगठा पन दीन."

हे बोलली खरी, पण फोन ठेवल्यावर तिला बाप आठवला. बापानं एवढी एकच वस्तू दोघांच्या नावानं ठेवली होती. एकदा सही झाली की ती दोघांच्याही हातून जाणार होती.

सहीसाठी लागणाऱ्या कागदांची झेरॉक्स काढायला ती अन्सारीभाईंच्या सायबर कॅफेत गेली. अन्सारीभाई तिच्याच गल्लीतले. त्यांच्या घरच्या ओढण्या तिच्याकडेच पिकोला यायच्या.

"जमीन का मामला है क्या, चंद्राताई? सातबारा देखा?"

"तो तलाठ्याकडे असतो ना?"

"किस जमाने में हो आप! अब सरकार ने कंप्युटर पे डाल दिया. बैठो. गाव?"

"कोन."

जिल्हा, तालुका, गाव. एकेका चौकटीत अन्सारीभाई टिचकी मारत गेले. "नाम?"

कमळेनं भावाचं नाव सांगितलं. पडद्यावर पांढरा चौकोन बराच वेळ रेंगाळला आणि मग वरून खाली उलगडत आला. सर्व्हे नंबर एकशे चार, हिस्सा दोन. ०.५२.०० हेक्टर-आर. खाली पहिलं नाव, सीताबाई.

कमळा पडद्याजवळ सरकली. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर आईचं नाव आधी घेतलं असतं. महाराजांनीही चुलतीचंच आधी घेतलं होतं.

"खाली सरकवू नका," ती म्हणाली. "मी सांगते. आता बायजाबाई येईल. मग दौलत. मग कमळा."

अन्सारीभाईंनी पडदा सरकवला. बायजाबाई. दौलत. कमळा. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "आप को कैसे मालूम?"

"देवानं सांगितलं," कमळा म्हणाली आणि खुर्चीतच हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं. दोघी मेलेल्या बायका इथं अजून जिवंत होत्या, कारण त्यांच्या वारसांची नोंद करायला कुणी गेलंच नव्हतं. आणि कमळा भटकत वगैरे नव्हती. सरकारी पडद्यावर आपल्या जागी निवांत बसली होती.

अन्सारीभाई मात्र गंभीर झाले. "ताई, एक भगवा गमछेवाला लडका... हर दरबार के दिन कोने का मशीन लेता है. फोन कान को लगाके यही पढता रहता है. मैं समझा किसी दलाल का आदमी है. उस दिन लाईट गई तो ऐसा चिल्लाया मुझपे, जैसे मैंने काटी हो."

लाईट गेली. आणि तिकडे महाराज मौनात गेले. पंख्यांना जनरेटर होता, देवाला नव्हता.

*

मंगळवारी कोनला दौलतच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हितेशनं कागद मांडले, शाईचा पॅड उघडला. महाराजांनी परात मांडली.

कमळा आली ती डोक्यावरून घट्ट पदर घेऊन. आली आणि सरळ परातीपुढे बसली.

"सही करायच्या आधी थांबा. मलापन पान्यात काही दिसतंय."

"अगो ताय!" दौलत दचकला.

"रंगूबाई, इकडं ये. नाव?" शेजारची रंगूबाई भीतभीत पुढे आली. कमळेनं तिचं नाव तीनदा घेतलं, गाव तीनदा घेतलं, तेही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. मग डोळे मिटून थांबली. "सर्व्हे नंबर साठ, हिस्सा चार. शून्य हेक्टर, एकोणीस आर. नावं... नामा. रंगूबाई. आनि बोजा दिसतो, सोसायटीच्या कर्जाचा."

रंगूबाईनं किंकाळी फोडली आणि तिच्या पायांवर लोळण घेतली. "आयव, अंगात आली! देवी आली!"

क्षणात गिल्ला झाला. कुणी कुंकवाचा करंडा आणला, कुणी तिच्यापुढे आजारी नातू धरला, कुणी "आमचा बांधाचा वाद कवा मिटंल?" म्हणून विचारू लागलं. महाराजांपुढची रांग बघता बघता कमळेपुढे वळली. कमळा घाबरली. देवी होणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. रंगूबाईचा दीर पुढे घुसला, तेव्हा तिनं त्याचंही नाव तीनदा घेतलं आणि वाट बघत राहिली.

कानात आवाज आला, "लाईट गई, ताई."

कमळेनं डोळे उघडले. "देवीची लाईट गेली."

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, कानातली वायर काढून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि कमरेचा मोबाईल बाहेर काढला. "हे माझं अंगात येनं. त्या टोकाला निजामपुऱ्याचे अन्सारीभाई हायेत. त्यांच्यापुढं कंप्युटर, कंप्युटरात सरकारचा सातबारा. मी नाव ओरडते, ते बघतात, मला सांगतात. कोनीही बघावं, उघडं हाय. रंगू, ऊठ बाय, पाय सोड माझे."

"महाराजांची बरोबरी करते ही!" हितेश ओरडला. "पाप लागेल!"

"बरोबरी न्हाय, एकच प्रश्न." कमळा महाराजांकडे वळली. "तुमच्या पान्यात बघा नि सांगा, आमच्या त्या शेतात आज काय उभं हाय?"

महाराजांनी हसून परातीत पाहिलं. हा तर पाठ होता. "भात. हिरवागार भात डोलतोय."

रंगूबाईचा नवरा नामा खो खो हसत सुटला. "भात? महाराज, खाडीचा बांध फुटून खारं पानी शिरलंय तिथं! कालच म्या तिथं निवट्या धरल्यान. तुमच्या भातात मासं उड्या मारतान!"

"मी भविष्यातला..."

"खाऱ्या चिखलात? कुठल्या भविष्यात?"

"बांध फुटल्यापास्नं तलाठी बघायलाच आला न्हाय," कमळा म्हणाली. "म्हनून सातबाऱ्याच्या कागदावर पिकापुढं अजून भातच हाय. कागद चुकला, तसा देवपन चुकला."

रंगूबाई एव्हाना उठली होती, आणि आपण कुणाच्या पाया पडलो याचा राग तिला कुणावर तरी काढायचाच होता. "बघू तुमचा कान!" म्हणत तिनं महाराजांच्या जटांत हात घातला. भारा अख्खाच्या अख्खा हातात आला. खाली नीट कापलेले केस, आणि उजव्या कानात काळी वायर.

हितेशची गाडी निघाली तेव्हा महाराज मागच्या सीटवर डोक्याला गमछा गुंडाळून बसले होते. शाईचा पॅड उघडाच राहिला आणि त्याच्यावर कुणाचाच आंगठा उमटला नाही.

गर्दी पांगली. दौलत ओट्यावर खाली मान घालून बसला होता. "मंग ताय, भाविकाचं लगीन का मोडतंय?"

कमळा त्याच्याजवळ जाऊन बसली. "दोघांनी गाडी मागितली. दोघांना तू न्हाय बोल्लास. म्हनून मोडलं. यात भूत कुठंय रे? आनि तू चुकलास पन न्हाय."

दौलतनं तोंड पुसलं. "हे मला म्हाईत होतं," तो हळूच म्हणाला. "पन कोनी दुसरं कारन सांगितलं का बरं वाटतं."

खरी गोची तिथंच आहे. महाराजांनी दौलतला फसवलं ते कानातल्या वायरनं नाही, ते या बरं वाटण्यानं. म्हणून जो कुणी पाण्यात, हातात, कवड्यांत बघून तुमचं आयुष्य सांगेल, त्याला नमस्कार करायच्या आधी दोनच गोष्टी विचारा. हे तुला कुठून कळलं? आणि जे कुठल्याच कागदावर नाही, ते सांगतोस का? प्रश्न विचारल्यानं खरा देव रागावत नाही. रागावतो तो दलाल.

पुढच्या आठवड्यात दौलत बहिणीबरोबर अन्सारीभाईंकडे गेला. आईच्या नि चुलतीच्या वारसांची नोंद घालायची होती, भात खोडायला सांगायचा होता. त्याआधी तिथं काय काय लिहिलंय ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दारातच त्यानं चपला काढल्या.

"घाल चपला," कमळा म्हणाली. "देऊळ न्हाय हे."

तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. माऊसवर हात ठेवू की नको करत राहिला. "लावू हात?"

"लाव. तुझंच हाय."