दोघांची मिळून एकच नोला

कॅटॅनिंग गावात घरांच्या खरेदीविक्रीचे व्यवहार पुरे करून देणारी परवानाधारक एजंट एकच, नोला पॅस्को. त्यामुळे घर विकणारे म्हातारे बेव्हन आणि ते घेणारी त्यांची शेजारीण, भाड्यानं राहणारी नर्स टेस, दोघांनीही तिलाच नेमलं. लेखी संमती असली की कायद्याला ते चालतं. पण दोघांत तंटा झाला, की एजंटनं दोघांनाही सोडायचं. शुक्रवारी घराचा ताबा द्यायचा होता, आणि मंगळवारी तंटा चक्क तिच्या टेबलापाशी येऊन बसला. कशावरून, तर कोंबड्यांच्या खुराड्यावरून!

"माझ्या हातानं बांधलंय. मी नेणार," बेव्हन म्हणाले.

"खांब जमिनीत रोवलेत, म्हणजे ते घराबरोबर आलं," टेस म्हणाली. "नोला, तूच सांग यांना."

उत्तर नोलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. एकाची बाजू घेतली तर दुसऱ्याचा घात आणि परवान्यावर गदा.

"मला सांगता येत नाही. मिटलं नाही तर मी दोघांचंही काम सोडते. मग दुसऱ्या गावचा एजंट शोधा. शुक्रवार हुकेल."

शुक्रवार हुकला तर बेव्हननी दोन गल्ल्या पलीकडे ठरवलेला फ्लॅट जाणार, आणि भाड्याचं घर त्याच दिवशी सोडायचं असलेली टेस बिचारी बेघर. नोलानं बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. खिडकी उघडीच होती.

"फ्लॅटला अंगण आहे का हो?" टेसनं विचारलं.

"गॅलरी आहे. रुमालाएवढी."

"मग खुराडं काय पलंगाखाली ठेवणार?"

बेव्हननी डब्यातलं एक बिस्किट घेऊन मोडलं.

"रोज सकाळी सहाला मी कोंबड्यांचं दार उघडतो," बेव्हन हळूच म्हणाले. "अकरा वर्षं झाली. उघडायला काही नसलं, तर उठायचं कशासाठी?"

"अहो, मग असं सांगायचं की! खुराडं राहू दे, कोंबड्याही राहू देत. तुम्ही या रोज. फाटकाची किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

"आणि अंडी?"

"अर्धी अर्धी."

"दाणा मी घालणार, आणि अर्धी?"

"जागा माझी आहे, म्हातारबुवा."

नोला घाईघाईनं आत आली. "पुढचं भांडण कागदावर करा. खाली दोघांच्या सह्या."

बेव्हननी 'सकाळी सहा' लिहिलं. टेसनं ते खोडून सात केलं. "माझी पाळी रात्री उशिरा संपते, सहाला मी झोपेत असते," ती म्हणाली. बेव्हननी नोलाकडे पाहिलं आणि सात खोडलं.

"साडेसहा," ते म्हणाले, आणि सही केली.