बदकातून हिरूकाकाकडे

आमच्या तलावावर बारमाही पर्यटन आहे. रानशेतच्या वळणावर तसा बोर्डच लागलाय: पावसाळ्यात धबधबा, हिवाळ्यात बोटिंग, उन्हाळ्यात डोंगर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमचं जुनं गावही वर येतं, पण ते बोर्डावर नाही. त्याला तिकीट लावता आलं नसावं.

त्या गावात माझा हिरूकाका आहे. म्हणजे त्याचा दगड. काका माझ्या जन्माआधीच वारला, शेताच्या बांधावर त्याच्या नावाचा दगड बसवून शेंदूर लावला, आणि मग धरण भरलं. जिवंत माणसांना डोंगराच्या कडेला जागा मिळाली. मेलेल्यांचं कोणी विचारलं नाही, म्हणून काका तिथेच राहिला.

आमच्यात नवा भात घरात आला की पहिला घास मेलेल्यांचा. त्यांना दिल्याशिवाय आपण तोंडात घालायचा नाही. म्हणून काकाची बायको रखमीकाकी दर उन्हाळ्यात त्याच्या दगडाला लांब दोरी बांधायची आणि दोरीच्या टोकाला निळा प्लास्टिकचा डबा. तलाव भरला की डबा वर तरंगायचा. दिवाळीला माझ्या बापाच्या होडीतून डब्यापाशी जायचं, पानावरचा भात पाण्यात सोडायचा, वर थोडी ताडी. काका जेवला की मग आम्ही.

२०१७ साली पर्यटन समितीने गावच्या होड्या बंद केल्या आणि पायडलची बदकं आणली. पांढरी, केशरी चोचीची. बदकात बसणाऱ्यांना लाइफ जॅकेट बांधून द्यायची नोकरी मला मिळाली.

दिवाळीत काकी काठावर आली. एका हातात पळसाच्या पानात बांधलेला भात, काखेत कोंबडी. पाण्याकडे बघत उभी राहिली.

"सुदाम, माझा डबा कुठंय?"

सुदामदादा समितीचा अध्यक्ष, आमच्याच पाड्यातला. "साफसफाईत काढला काकी. पाव्हणे येतात, पाण्यात कचरा बरा दिसत नाय." मग तिचं तोंड बघून घाईने म्हणाला, "पण टाकला नाय! घासून ठेवलाय."

आणि खरंच आणून दिला. चकचकीत. झाकणही नवीन लावलेलं.

काकीने डबा हातात फिरवून पाहिला. "याच्या खाली माझा नवरा होता रं."

सुदामदादा खाली बसला. वापीहून आलेल्या एका कुटुंबाला मी तेवढ्यात तीन जॅकेटं बांधून दिली.

"काकी, काठावरूनच सोड ना," मी म्हणालो.

"काठावर काय, कुत्र्याला घालत्यात तसं? घरात कणगी भरलीय आणि पोरं रेशनचा भात खात्यात. माझे गुडघे यंदापुरतेच. पुढच्या साली कोण जाईल, तू? तुला जॅकेट बांधण्याखेरीज काय येतं?"

सुदामदादा उठला. "बदक घेऊन जा. तिकीट नको. पण जॅकेट घालावं लागेल, नियम आहे."

"कोंबडीला पण?" मी विचारलं.

त्याने गंभीरपणे विचार केला. एक चूक झाली होती, दुसरी त्याला करायची नव्हती. "बोटीत बसणाऱ्या सगळ्यांना."

लहान मुलांचं जॅकेट कोंबडीला दोनदा गुंडाळावं लागलं. तिने तक्रार केली नाही.

निघालो. मांडीवर कोंबडी, पायाशी डबा, काकी माझ्या बरोबरीने पायडल मारतेय. मधोमध आलो तर चहूकडे सारखंच पाणी. काकी इकडे बघे, तिकडे बघे. मग तिचे गुडघे थांबले.

बदकाचं असं आहे की एकाच बाजूने पायडल मारलं तर ते पुढे जात नाही. गोल फिरतं. आम्ही फिरायला लागलो.

"काकी, पाय मार. नाहीतर मी थांबतो."

"थांबू नको." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "फिरव. असंच फिरव."

"अगं, पण जागा?"

"तुझा काका तारपा वाजवायचा, ठाऊक हाय ना? तो मधी, आम्ही हातात हात घालून भोवती. रात्रभर. तो सरकला तर आमचं रिंगण सरकायचं." ती वाकून रिंगणाच्या आतल्या पाण्याकडे बघत राहिली. "मधी तोच असतो."

तिने भात सोडला. ताडी ओतली. कोंबडी पाण्याला दाखवली; ती आता घरी शिजणार होती. पान जरा तरंगलं आणि कलंडलं. काकी काहीतरी पुटपुटत होती. मी ऐकलं नाही, पाय मात्र थांबवले नाहीत.

मान वर केली तर वापीवाले आमच्या मागे गोल फिरत होते. त्यांच्या मागे अजून एक बदक. बदकातून असंच फिरायचं असतं, असं त्यांना वाटलं असावं. कोणी ओरडत नव्हतं, फोटोही काढत नव्हतं. त्यांची लहान मुलगी कोंबडीकडे एकटक बघत होती.

काकीने मागे वळून पाहिलं आणि डोळे पुसले.

"बघ, बायाबापड्या आल्या त्याच्या नाचाला," ती म्हणाली. "आता चल घरी. भूक लागली."