कवडीची राखण

मित्रांनो, मी पूर्णा नदीतली एक जुनी मगर आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, बाकी तुमच्यात माझा मित्र एकही नाही.

माझ्या डोहाशेजारी नदी ओलांडायचा उतार आहे. तिथून पूर्वी क्वचित बैलांच्या बंड्या जात. मग दूर कुठेतरी लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली आणि अकोल्याच्या बाजाराकडे बंड्यांची रांग लागली. तरी गाडीवान माझा मान राखत. चार बंड्या जमवत, काठीने पाणी झोडपत, मगच बैल आत घालत. तो आवाज ऐकून मी डोहात सरकत असे. काठच्या वाळूत माझी अंडी असत; त्यांना कोणी हात लावत नसे.

पुढे मीठ विकणाऱ्या कोणीतरी सूर्यभान शेतकऱ्याच्या बायकोला, सुभद्राला, सांगितलं, की मगर कवडीला भिते. तिने पवळ्या बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ बांधली. वासरू असल्यापासून तिने त्याला वाढवलं होतं. बघता बघता गावातल्या सगळ्या बैलांना कवड्या आल्या आणि काठ्या थांबल्या.

कवडी म्हणजे काय हो? समुद्रातल्या एका बिनहाडाच्या, नखाएवढ्या जिवाचं रिकामं घर. मी दोन माणसांएवढी लांब, पाठीवर ढालीसारखे खवले. आणि मी तिला भिते म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

फाल्गुनात सूर्यभानला सगळ्यांच्या आधी बाजार गाठायचा होता. तो इतर बंड्यांसाठी थांबला नाही. मागे बसलेली सुभद्रा म्हणाली, निदान पाणी तरी झोडपा.

"तूच तं बांदल्या कवड्या. मंग काठी कायले मारू?"

बैल पाण्यात शिरताच मी पवळ्याची मान धरली. माळ तुटली, दोन कवड्या माझ्या पोटात गेल्या. सुभद्रा कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याचं शिंग ओढत राहिली. शेवटी शिंग तिच्या हातून सुटलं.

"कवडी खोटी निंगाली," ती काठावरून म्हणाली. "आता इले जित्ती ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी पाटलाची बंदूक आली. गोळी माझ्या खांद्यात रुतली. सुभद्राने स्वतः वाळू उकरून माझी अंडी फोडली, एकूण एक. तिचं दुःख मला कळतं. माफ मात्र मी तिला करणार नाही.

कवडीवर भरवसा होता तोवर माझी कोणाला भीती नव्हती, म्हणून बंदूकही नव्हती. माझी पिल्लं त्या नखाएवढ्या जिवाने राखली होती, आणि मी त्याच्याशी बरोबरी करायला गेले.

आता मी खालच्या डोहात राहते. मित्रांनो, कवड्या खुशाल बांधा, पण पाण्यात शिरण्याआधी काठी मारा. मी बाजूला होईन. वाळूत यंदा पुन्हा अंडी आहेत.